कागद नसलेल्या मुलांचं अमेरिकेतलं कॉलेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वकील नाही, हे आधीच सांगते. न्यू जर्सीत राहते, रविवारी मराठी शाळेत बाराखडी शिकवते, आणि स्वतःच्या दोन मुलांचे कॉलेजचे फॉर्म भरून झाल्यावर ओळखीतल्यांचे भरता भरता हे प्रश्न गोळा झालेत. बहुतेक फोन रात्री साडेनऊनंतर येतात आणि सुरुवात हमखास "आमच्या एका ओळखीच्यांसाठी विचारतेय हं" अशी असते. ते ओळखीचे कोण हे मी विचारत नाही. खालची माहिती २०२५ संपेपर्यंतची आहे, सध्या नियम महिन्या-महिन्याला बदलतायत त्यामुळे फॉर्म सबमिट करायच्या आधी त्या त्या राज्याच्या साइटवर एकदा बघाच.

अनडॉक्युमेंटेड म्हणजे नेमकं कोण? आपल्या लोकांत असं कुणी असतं का?

असतं की. टीव्हीवर बॉर्डर आणि कुंपण दाखवतात म्हणून आपल्याला वाटतं हा आपला विषय नाही, पण आपल्याकडच्या गोष्टी बहुतेक विमानतळावरून सुरू होतात, रीतसर शिक्का मारून. कुणी व्हिजिटर व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर राहिले, कुणी एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर होते, जॉब गेला, साठ दिवसांत दुसरी कंपनी मिळाली नाही, आणि पोरांची शाळा मधेच कशी तोडायची म्हणून "एवढं वर्ष काढू" म्हणाले, त्या एका वर्षाची नऊ वर्षं झाली. प्यू रिसर्चच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये असे भारतीय सव्वासात लाख होते, मेक्सिको आणि एल साल्वाडोरच्या खालोखाल. दुसऱ्या संस्थांचे आकडे बरेच कमी आहेत, पण शून्य कुणाचाच नाही.

आणि मुलांना बऱ्याचदा हे माहीतच नसतं. एका मुलीचं सांगते. बारावीला होती, शाळेत सगळ्यांना फॅफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी फेडरल सरकारकडे मदत मागायचा फॉर्म, भरायला बसवलं, त्यात सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, विचारतात, घरी येऊन तिने सहज विचारलं, "आई, माझा सोशल नंबर काय गं?" आई पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला, कपाटावरचा बिस्किटांचा निळा डबा खाली काढला आणि त्यातून मुलीचा पासपोर्ट काढून समोर ठेवला, तीन वर्षांच्या बाळाचा फोटो, आत स्टेपल केलेलं आय-९४ चं, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारं, पांढरं कार्ड आणि त्यावर कधीच उलटून गेलेली तारीख. कागद नसलेले म्हणतात खरे, पण या घरांमध्ये कागदांच्या थप्प्या असतात, फक्त चालू असलेला एक नसतो.

कागद नसतील तर कॉलेजमध्ये अ‍ॅडमिशनच मिळत नाही ना?

मिळते. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि त्यापायी हुशार मुलं अर्जच करत नाहीत. अनडॉक्युमेंटेड मुलाला कॉलेजने घेऊ नये असा फेडरल कायदा नाहीये. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकदमच अर्ज करायच्या ऑनलाइन फॉर्मवर, सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना रिकामा सोडता येतो.

अपवाद दक्षिणेत आहेत. साउथ कॅरोलायनाने २००८ मध्ये आणि अलाबामाने २०११ मध्ये कायदा करून सरकारी कॉलेजांचे दरवाजे बंद केले. जॉर्जियात २०१० पासून सरकारी युनिव्हर्सिटी चालवणाऱ्या बोर्ड ऑफ रीजंट्सचा नियम आहे की ज्या युनिव्हर्सिटीत जागा कमी पडून पात्र मुलांना नाही म्हणावं लागतं तिथे यांना घ्यायचं नाही, त्यात युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक येतात. अटलांटात आपली वस्ती मोठी आहे आणि प्रत्येक घरात जॉर्जिया टेकचं स्वप्न असतं, त्यामुळे तिथल्या लोकांनी हे नववीतच लक्षात घ्यावं. खासगी कॉलेजांना हे लागू नाही.

मग शाळेत कसं कधी कुणी काही विचारलं नाही?

कारण १९८२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, प्लायलर विरुद्ध डो. टेक्सासने अशा मुलांच्या शाळेचे पैसे बंद केले होते, कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की आई-बापांनी काय केलं त्याची शिक्षा पोरांना देता येणार नाही. पण तो निकाल बारावीपर्यंतचा. अठराव्या वर्षी ग्रॅज्युएशनचा गाऊन उतरवला की ती छत्री मिटली.

फॅफ्सा भरायचा का?

मूल स्वतः अनडॉक्युमेंटेड असेल तर फॅफ्सातून काहीही मिळत नाही. पेल ग्रँट (परत न करायची फेडरल मदत) नाही, फेडरल लोन नाही, वर्क-स्टडी नाही. डाका (लहानपणी आणलेल्यांना हद्दपारीपासून मिळालेली तात्पुरती सूट) असलेल्यांनाही नाही, त्यांच्याकडे सोशल नंबर असतो त्यामुळे फॉर्म पुढे सरकतो आणि उगाच आशा लागते. म्हणून फॅफ्साच्या नादी न लागता राज्याचा स्वतःचा वेगळा फॉर्म असतो तो भरायचा, त्याबद्दल खाली आहे.

आता जरा थांबून वाचा. कुठल्याही फॉर्मवर, फॅफ्सा असो, कॉलेजचा असो, नोकरीचा आय-९ असो, गाडीच्या लायसनबरोबर येणारं मतदार नोंदणीचं कार्ड असो, "यूएस सिटिझन" या चौकटीत टिक करायची नाही. चुकून नाही, घाईत नाही, "सगळे असंच करतात" म्हणून तर अजिबात नाही. व्हिसाची मुदत संपणं, बिनपरवाना काम करणं, यातल्या बऱ्याच गोष्टींना पुढेमागे लग्नाने किंवा नव्या कायद्याने काहीतरी वाट निघू शकते, पण नागरिक असल्याचा खोटा दावा केला की १९९६ च्या कायद्याने तो माणूस कायमचा बाद होतो आणि त्यावर माफी जवळजवळ नाहीच. पुढे अमेरिकन मुलीशी लग्न झालं तरी ग्रीन कार्डच्या मुलाखतीत ती टिक समोर येऊन बसते. मी एका काउन्सेलरला स्वतःच्या कानांनी मुलाला सांगताना ऐकलंय, "जस्ट पुट सिटिझन, हनी, नोबडी चेक्स". तिचा हेतू चांगलाच होता हो. मी मुलाच्या हातातला माउस काढून घेतला.

आमच्याकडे कागद नाहीत पण मुलगा इथेच जन्मलाय, त्याचं काय?

तो नागरिक आहे, त्याला सगळं मिळतं, पेल ग्रँटसुद्धा, जी २०२५-२६ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे. आई-बाबांना सोशल नंबर नसला तरी २०२४-२५ च्या फॉर्मपासून ते स्वतःचं अकाउंट उघडून आपला भाग भरू शकतात. सुरुवातीला त्यात इतका घोळ होता की पालक रात्र-रात्र त्याच त्या एरर मेसेजकडे बघत बसले होते, आता बरं आहे.

भीती वेगळीच आहे, ती माहिती पुढे कुठे जाते याची. फॅफ्सातला डेटा फक्त शिक्षणाच्या मदतीसाठी वापरायचा असं कायद्यात आहे. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये टॅक्सवाल्यांनी, म्हणजे आयआरएसने, आयसीईबरोबर, म्हणजे बिनकागदांच्या लोकांना पकडून परत पाठवणाऱ्या खात्याबरोबर, माहिती देण्याचा करार केला, त्यानंतर लोकांचा कायद्यातल्या शब्दावरचा विश्वास उडाला आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आधीच एखाद्या मुलासाठी फॉर्म भरलेला असेल तर सरकारकडे ते नाव-पत्ता आहेच, मग नव्याने लपवण्यासारखं फारसं नसतं. पहिल्यांदाच भरत असाल तर घरात बसून ठरवा, पेलचे सात हजार एका बाजूला आणि ही धाकधूक दुसऱ्या बाजूला. हे दुसऱ्या कुणी तुमच्या वतीने ठरवू नये.

इन-स्टेट फी मिळते का? सगळं गणित तिथेच अडतं.

अगदी बरोबर, पैशाची खरी गोष्ट हीच आहे. सरकारी युनिव्हर्सिटीत राज्यातल्या मुलाला एक फी आणि बाहेरच्याला तिच्या तिप्पट-चौपट. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बाहेरच्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३४ हजार डॉलरच्या वर जास्त पडतात. तिथल्याच कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज) राज्यातल्या मुलाला एका युनिटचे ४६ डॉलर, म्हणजे बारा युनिटचं अख्खं सेमिस्टर ५५२ डॉलरमध्ये, आणि बाहेरच्याला बऱ्याच ठिकाणी त्याच एका युनिटचे तीनशेच्या पुढे. हॉटेलात रोखीवर काम करणारा बाप ५५२ कसेही उभे करतो, दुसरा आकडा त्याला झेपत नाही. मुलाचं कॉलेज होणार की नाही हे बरेचदा याच एका ओळीवर ठरतं.

कायदा जरा गमतीदार आहे. १९९६ मध्ये काँग्रेसने म्हटलं की अनडॉक्युमेंटेड माणसाला "तो इथे राहतो म्हणून" सवलत द्यायची असेल तर तीच सवलत देशातल्या कुठल्याही राज्याच्या नागरिकाला द्यावी लागेल. राज्यांनी त्यातून वाट काढली ती अशी की राहतो कुठे हे बघायचंच नाही, शिकला कुठे ते बघायचं. टेक्सासने २००१ मध्ये पहिला कायदा केला, रिक पेरी गव्हर्नर असताना, हो, रिपब्लिकन. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा एबी ५४० आला. तीन वर्षं कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलमध्ये काढा, तिथून पास व्हा आणि एका प्रतिज्ञापत्रावर सही करा की मला कायदेशीर होता येईल तेव्हा मी लगेच अर्ज करीन. २०१७ च्या बदलानंतर कम्युनिटी कॉलेज आणि अ‍ॅडल्ट स्कूलची वर्षंही धरतात. आता समजा एखादा अमेरिकन मुलगा सॅन होजेत शिकला आणि मग आई-बाबांबरोबर नेवाडात गेला, तर तोही एबी ५४० मध्ये बसतो, म्हणजे नागरिकावर अन्याय झाला असं म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये हे मान्य केलं.

न्यू यॉर्कमध्ये दोन वर्षं हायस्कूल आणि पास झाल्यापासून पाच वर्षांत अर्ज. न्यू जर्सीत तीन वर्षं, २०१३ च्या डिसेंबरपासून, तेव्हा क्रिस ख्रिस्ती होते. इलिनॉयचा कायदा २००३ चा, मिनेसोटाचा २०१३ चा.

प्रतिज्ञापत्राला लोक फार घाबरतात. "सही करून आपणच कबुली दिल्यासारखं होतं ना?" तो कागद कॉलेजच्या रजिस्ट्रारकडे राहतो, त्यावर तुम्ही कुठल्या देशाचे, कसे आलात वगैरे काही नसतं.

टेक्सासमध्ये हे बंद झालं म्हणतात, खरंय का?

खरंय, आणि ज्या पद्धतीने झालं ते बघून मला अजूनही नवल वाटतं. ४ जून २०२५ ला फेडरल सरकारने टेक्सासवर केस टाकली, टेक्सासच्या सरकारने त्याच दिवशी "आम्हाला मान्य आहे" म्हणून सांगितलं आणि जज रीड ओ'कॉनर यांनी त्याच दिवशी कायदा कायमचा थांबवला. चोवीस वर्षांचा कायदा एका दुपारी गेला, ज्यांच्या फीचा प्रश्न होता त्या मुलांची बाजू मांडायला तेव्हा कोर्टात कुणी नव्हतं. आपल्याकडे जमिनीच्या दाव्यात दोन भाऊ आतून मिळालेले असतात आणि तिसऱ्याचा सातबारा कोरा होतो, तसला प्रकार.

फ्लोरिडाने २०१४ ला दिलेली सवलत २०२५ मध्ये स्वतःच काढून घेतली, १ जुलैपासून. ओक्लाहोमाने टेक्सासचाच कित्ता गिरवला. केंटकी, मिनेसोटा, इलिनॉय आणि नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया, यांच्यावरही केसेस टाकल्यात. यातली इलिनॉय आणि कॅलिफोर्नियासारखी राज्यं स्वतःहून हात वर करणारी नाहीत, त्यामुळे तिथे "आता सगळं संपलं" असं व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या मेसेजवरून ठरवू नका. कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसला विचारा, नाव न सांगता विचारता येतं.

फी कमी झाली तरी उरलेले पैसे कुठून आणायचे? राज्य काही देतं का?

काही राज्यं देतात, फॉर्मचं नाव मात्र प्रत्येकाचं वेगळं. कॅलिफोर्नियात ड्रीम अ‍ॅक्ट अ‍ॅप्लिकेशन, २०११ च्या दोन कायद्यांवर जेरी ब्राउन यांची सही आहे, २०१३ पासून कॅल ग्रँट यांनाही मिळते, मुदत साधारण २ मार्च. ही तारीख फ्रिजवर चिकटवा, ती चुकली की कॅल ग्रँट हातची जाऊ शकते. वॉशिंग्टनमध्ये वॉस्फा. न्यू यॉर्कमध्ये २०१९ च्या होझे पेराल्टा ड्रीम अ‍ॅक्टमुळे टॅप ग्रँट. आमच्या न्यू जर्सीत २०१८ पासून, त्याला अल्टरनेटिव्ह फायनान्शियल एड अ‍ॅप्लिकेशन म्हणतात, नावावरून कुणालाही काही कळू नये अशीच योजना असावी. इलिनॉयमध्ये २०१९ च्या राइज अ‍ॅक्टमुळे मॅप ग्रँट. फॅफ्सा आणि राज्याचा फॉर्म दोन्ही एकदम भरू नका, अनडॉक्युमेंटेड मुलाने राज्याचाच भरायचा.

डाका आहे तर सगळं सोपं होतं ना?

डाका म्हटलं की आपल्याला दरोडाच आठवतो. ओबामांनी १५ जून २०१२ ला जाहीर केलं, कायदा नाही, सवलत आहे. वयाच्या सोळाव्या वर्षाआधी आणि १५ जून २००७ च्या आधी आलेल्यांना दोन-दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून सूट आणि काम करायचा परवाना. आता तारखांचं गणित करा. आज बारावीत असलेला मुलगा २००७-०८ च्या सुमारास जन्मलेला, तो २००७ च्या जूनआधी इथे आलेला असणार कसा? वरून २०२१ पासून कोर्टाच्या आदेशामुळे नवीन अर्ज मंजूरच होत नाहीयेत, जुन्यांचं नूतनीकरण तेवढं चालू आहे. म्हणजे आज कॉलेजच्या उंबरठ्यावर असलेल्या जवळजवळ कुठल्याच कागद नसलेल्या मुलाकडे डाका नाही. लोक अजून मला "डाकाचा फॉर्म भरून द्याल का" विचारतात, मी काय सांगणार.

आणि ज्या ड्रीम अ‍ॅक्टमुळे यांना ड्रीमर म्हणतात, म्हणजे अशा मुलांना कायदेशीर व्हायची वाट देणारं विधेयक, तो पहिल्यांदा २००१ मध्ये मांडला गेला, २०१० च्या डिसेंबरमध्ये हाउसमध्ये पास झाला आणि सिनेटमध्ये साठ मतं हवी होती तिथे पंचावन्नवर अडकला. पाच मतं.

आमचा मुलगा एच-४ वर आहे, कायदेशीर आहे. हे आम्हाला कशाला वाचायचं?

कारण तो एकविसाचा होणार आहे. मराठी घरांसाठी या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि सगळ्यात उशिरा विचारला जातो.

एच-४ हा एच-१बी वाल्याच्या मुलाचा व्हिसा, एकविसाव्या वाढदिवसाला तो संपतो, आय-९४ वर पुढची तारीख छापलेली असली तरी. तोपर्यंत ग्रीन कार्ड आलं तर ठीक. पण एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही या नियमामुळे भारतीयांची ईबी-२, ईबी-३ ची, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डची, रांग इतकी लांब आहे की चौथीत असताना लावलेला नंबर कॉलेज संपलं तरी येत नाही. अशी जवळपास अडीच लाख मुलं आहेत असं त्यांच्यासाठी काम करणारे सांगतात, यांना डॉक्युमेंटेड ड्रीमर म्हणतात. विचित्र म्हणजे डाका यांना नाही, कारण २०१२ मध्ये ते कायदेशीर होते! नियम पाळला म्हणून बाहेर. यांच्यासाठी अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट नावाचं विधेयक २०२१ पासून येतंय आणि पडून राहतंय.

वय मोजायची एक सवलत आहे, २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्टची. तुमची आय-१४० (कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज) मंजूर व्हायला जितके दिवस लागले तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. पण वय कुठल्या तारखेला मोजायचं यात १५ ऑगस्ट २०२५ पासून बदल झालाय, आता व्हिसा बुलेटिनमधल्या (रांगेत कुठली तारीख आली ते सांगणारं सरकारचं मासिक पत्रक) फायनल अ‍ॅक्शनच्या तक्त्यानेच मोजतात, आधीच्या फायलिंगच्या तक्त्याने नाही, आणि त्या तक्त्यात तारीख उशिरा येते. त्यामुळे काठावरची बरीच मुलं बाहेर पडणार. तुमचा कंपनीचा वकील हे आपणहून सांगेल अशा भ्रमात राहू नका, तो कंपनीचा वकील आहे.

एच-४ वर शिकता येतं, बऱ्याच राज्यांत इन-स्टेट फीही मिळते, पण फेडरल मदत नाही, आणि काम तर अजिबात करता येत नाही. एच-४ चा वर्क परवाना नवरा-बायकोसाठी असतो, मुलांसाठी नाही. वर्गातली सगळी पोरं उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात उभी आणि हा घरी बसून "मला नको तसली कामं" म्हणतो, आईला वाटतं आळशी आहे.

मग सरळ एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घेऊन टाकायचा का?

बहुतेकांना कधी ना कधी घ्यावाच लागतो, प्रश्न कधी घ्यायचा एवढाच. एफ-१ मुळे स्टेटस टिकतं, कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं, नंतर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ नोकरी करायची परवानगी, मिळते. पण एफ-१ म्हणजे "माझं घर भारतात आहे, मी परत जाणार" असं म्हणणं, त्यामुळे बऱ्याच राज्यांत इन-स्टेट फी जाते. दहा वर्षं फ्रीमाँटमध्ये वाढलेलं मूल कागदोपत्री पुण्याहून आलेलं होतं. काही लोक म्हणूनच तिसऱ्या वर्षापर्यंत एच-४ वर ठेवतात आणि विसाव्या वर्षी बदलतात. अर्ज स्टेटस चालू असतानाच करावा लागतो आणि निकालाला महिनोन् महिने लागतात, त्यामुळे वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात जागे होऊ नका.

आणि काहीच केलं नाही तर? मूल बिनकागदांचं होतं. इथे फरक इतकाच आहे की हा मुलगा तोपर्यंत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असतो.

हार्वर्ड-बिर्वर्डसारखी खासगी कॉलेजं तर कोट्यधीशांसाठी ना?

उलट आहे, आणि हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी ही कॉलेजं नागरिकत्व न बघता अ‍ॅडमिशन देतात, तुम्हाला पैशाची गरज आहे का हे तेव्हा बघत नाहीत, आणि एकदा घेतलं की गरजेइतकी पूर्ण मदत स्वतःच्या तिजोरीतून देतात. कमी उत्पन्नाच्या घराला तिथली फी सरकारी कॉलेजपेक्षा कमी पडू शकते. अर्थात तिथे जागा मिळणं हे दगडातून पाणी काढण्यासारखं आहे. त्यांच्या खालची बरीच खासगी कॉलेजं अनडॉक्युमेंटेड मुलांना परदेशी विद्यार्थ्यांच्या गठ्ठ्यात टाकतात आणि तिथे पैशाची गरज बघून नकार येऊ शकतो, त्यामुळे अर्ज करण्याआधी "मला कुठल्या गटात धरणार?" हा एकच प्रश्न ईमेलने विचारा. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल भरावं लागतं, त्याला सोशल नंबर लागत नाही.

स्कॉलरशिप?

द-ड्रीम-डॉट-यूएस, २०१४ पासून, वॉशिंग्टन पोस्टचे जुने मालक डॉन ग्रॅहम यांनी इतरांबरोबर सुरू केलेली, खास याच मुलांसाठी. गोल्डन डोअर स्कॉलर्स. इमिग्रंट्स रायझिंगच्या साइटवर बिनसोशल चालणाऱ्या स्कॉलरशिपची यादी असते. छोट्या स्थानिक स्कॉलरशिप सोडू नका, रोटरीच्या पाचशे डॉलरसाठी फार कमी मुलं अर्ज करतात. आपली मंडळंही देतात, पण फॉर्मवर "सिटिझन ऑर ग्रीन कार्ड होल्डर" छापलेलं असतं, का असं विचारलं तर "पहिल्यापासून तसंच आहे" हे उत्तर मिळतं. एका मंडळाच्या मीटिंगमध्ये मी ती ओळ काढा म्हटलं, चहा येईपर्यंत चर्चा झाली, मग गणपतीच्या हॉलचं भाडं निघालं.

शिकताना नोकरी करता येते का?

वर्क परवाना नसेल तर पगारी नोकरी नाही, कॅम्पसवरही नाही. कॅलिफोर्नियात मुलांनी मोठी चळवळ केली की सरकारी युनिव्हर्सिटीला हा नियम लागूच होत नाही, तसं विधेयकही पास झालं, पण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केलं. स्टायपेंड किंवा फेलोशिप, जिथे काम मोजून पैसे देत नाहीत, ती मात्र चालते, कॉलेजच्या ड्रीम सेंटरला, म्हणजे अशा मुलांना मदत करणाऱ्या ऑफिसला, विचारा.

कॉलेज आमची माहिती आयसीईला देईल का?

१९७४ चा फर्पा कायदा सांगतो की विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय त्याचा रेकॉर्ड बाहेर द्यायचा नाही. एफ-१ वाल्यांचं वेगळं, त्यांची माहिती सरकारच्या सिस्टिममध्ये जातेच. एक बारीक गोष्ट, "डिरेक्टरी इन्फर्मेशन", म्हणजे नाव, पत्ता, फोन, हे कॉलेज परवानगीविना देऊ शकतं, पण ते बंद करायचा एक फॉर्म रजिस्ट्रारकडे असतो. तो पहिल्याच आठवड्यात भरा. शाळा-दवाखान्यांत सहसा धाड टाकायची नाही ही जुनी सूचना २०२५ च्या जानेवारीत रद्द झालीय, हेही माहीत असू द्या.

डिग्री घेऊन उपयोग काय, डॉक्टर-वकील तर होता येणार नाही?

कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सर्जिओ गार्सिया या अनडॉक्युमेंटेड माणसाला वकिलीची सनद दिली. शिकागोच्या लोयोला युनिव्हर्सिटीच्या स्ट्रिच मेडिकल स्कूलने डाकावाल्यांसाठी सगळ्यांत आधी उघडपणे दार उघडलं. पण डिग्रीनंतरच्या रेसिडेन्सीला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या पगारी प्रशिक्षणाला, वर्क परवाना लागतो, तो नसेल तर एमबीबीएसच्या पुढची गाडी अडते तशीच इथेही अडते.

त्यापेक्षा भारतात पाठवून दिलं तर?

हे रागाने विचारलेलं असतं, तरी नीट उत्तर देते. अठरा वर्षांखालचे दिवस बेकायदा मुक्कामात धरत नाहीत. अठरानंतर १८० दिवस उलटून गेल्यावर देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, एक वर्ष उलटलं तर दहा. म्हणजे साडेअठरा हे वय कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायचं. त्याआधी गेलेलं मूल पुढे रीतसर व्हिसा मागू तरी शकतं, मिळेल की नाही हे वेगळं.

आणि भारतात त्याचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे परका म्हणून कुणी अडवत नाही. पण महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या राज्याच्या जागांना दहावी-बारावी कुठून केली, डोमिसाइल आहे का हे बघतात, इथल्या डिप्लोमाला एआययूचं (भारतीय विद्यापीठांच्या संघटनेचं) समकक्षता प्रमाणपत्र लागतं, मेडिकलला नीट आहेच. खासगी कॉलेजांत पंधरा टक्क्यांपर्यंत एनआरआय कोटा असतो पण त्याची फी डॉलर कमावणाऱ्याला धरून ठेवलेली असते, आणि इथले हे बाबा डॉलर कसे कमावतात ते आपण वर बघितलंच. शिवाय ज्या मुलाने सदाशिव पेठ फक्त आजीच्या फोनमध्ये बघितलीय त्याला "परत" पाठवणं हा शब्दच मला चुकीचा वाटतो.

सल्ला कुणाकडून घ्यायचा?

इमिग्रेशनच्या वकिलाकडून, किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या ना-नफा संस्थेच्या प्रतिनिधीकडून. बऱ्याच सरकारी कॉलेजांत फुकट लीगल क्लिनिक असतं. ग्रोसरीच्या दुकानात जाहिरात लावणाऱ्या "कन्सल्टंट"कडून नाही. मी स्वतः एका कुटुंबाला असल्या एका माणसाकडे घेऊन गेले होते, भरवशाचा म्हणून कुणीतरी सांगितला होता, पंधराशे डॉलर रोख घेतले आणि डाकाचा नवीन अर्ज भरून देतो म्हणाला, २०२३ मध्ये! पैसे परत मिळाले नाहीत. तो फोन आता लागत नाही. त्या बाईंना तोंड दाखवायची मला अजून लाज वाटते, त्या मात्र दिवाळीला चकल्या पाठवतात.

मुलाला हे कधी सांगायचं?

आठवीत. फार लहान वाटतं ना, पण हिशेब करा. बऱ्याच राज्यांत तीन वर्षं तिथल्याच हायस्कूलची अट असते, तुम्ही दहावीनंतर स्वस्त भाड्यासाठी न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियाला गेलात तर ती तुटते. डाव्या हाताने गाडीच्या लायसनचा फॉर्म भरताना मुलगा सिटिझनवर टिक करून येतो, कारण त्याला खरंच वाटतं तो आहे. शाळेच्या सहलीला कॅनडात जायचं म्हणून नाव देऊन येतो. त्या निळ्या डब्यावाल्या मुलीचं शेवटी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजमध्ये नर्सिंगच्या आधीचं पहिलं वर्ष चालू आहे, राज्याची ग्रँट मिळाली, पण ती अजून आईशी एका गोष्टीवरून भांडते. दहावीत पोरींबरोबर स्पेनला जायची सहल होती, आईने "पैसे नाहीत" म्हणून सांगितलं होतं, आणि तिने वर्षभर बेबीसिटिंग करून पैसे जमवून आईच्या हातात ठेवले होते.